चित्रपटगृहात गारवा आला कसा?

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखविण्यात आल्या आणि भारतात चित्रपटाचा खेळ सुरू झाला. या खेळाला अंधार हवा आणि प्रेक्षकाला वारा! दिवसा खिडक्या उघडल्या तर पडद्यावरचे चित्र पुसट होते, बंद केल्या तर जीव गुदमरतो. सुरुवातीच्या चित्रपटगृहांपुढचा खरा पेच हाच होता.

जत्रेतल्या तंबूंनी तो सहज सोडविला. खेळ सूर्यास्तानंतरचा, त्यामुळे कनाती वर गुंडाळल्या तरी बिघडत नसे. पक्क्या इमारतींना मात्र ही सोय नव्हती. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे हजार प्रेक्षकांची उष्णता १०० किलोवॅट झाली. शिवाय श्वासातला व घामातला दमटपणा वेगळाच. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून छताजवळ झरोके व हवा बाहेर फेकणारे पंखे बसविले जात. छताचे पंखे हवा फक्त फिरवतात, थंड करीत नाहीत. पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात गारवा देतात. मुंबईच्या दमट हवेत पाणी पुरेसे वाळतच नाही, तेथे हा उपाय लंगडा पडतो.

प्रक्षेपण कक्षाची स्थिती त्याहून गंभीर होती. प्रखर कार्बन दिव्याशेजारी नायट्रेटची ज्वालाग्राही फिल्म धावत असे. त्या कक्षातील धूर व उष्णता धुराड्यावाटे थेट बाहेर काढणे हा सुरक्षिततेचा प्रश्न होता.

यांत्रिक शीतकरणाचा मार्ग अमेरिकेत खुला झाला. विलिस कॅरियर यांनी १९२२ मध्ये नवे शीतयंत्र पुढे आणले. पूर्वीच्या अनेक यंत्रांत अमोनियासारखा घातक वायू असे. येथे तुलनेने सुरक्षित द्रव होता. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात ते बसले. थंड हवा जमिनीलगत सोडली की पाय गारठतात. म्हणून ती छतातून सोडून खालून परत ओढण्यात आली.

मुंबईत १९३३ मध्ये चार्ल्स स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले रीगल हे देशातील पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक. १९३८ मध्ये मेट्रो व इरॉस आले. हजार प्रेक्षकांच्या देहाची उष्णता शोषण्यासाठीच सुमारे २८ टन क्षमतेचे यंत्र लागते. छप्पर, दिवे व बाहेरची हवा यांचा भार निराळा. साहजिकच ही चैन मोठ्या शहरांपुरतीच राहिली आणि इतरत्र पंख्याखालची खुर्ची पटकावण्याची धडपड पुढेही चालू राहिली.