ग्रामपातळीवरील कर्मचारी आणि 'पोलीस अधिकारी' ही संज्ञा : सिल्लोड तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सिल्लोड तालुक्यातील एखाद्या गावात खुनासारखा गंभीर गुन्हा घडला तर पोलीस ठाण्याचे पथक येण्यापूर्वी घटनास्थळी पोहोचणारी व्यक्ती बहुधा त्या गावचा पोलीस पाटील असते. बंदोबस्ताच्या दिवशी चौकात खाकी गणवेशात उभा असलेला जवान पुष्कळदा होमगार्डचा असतो. अजिंठा डोंगररांगेतील जंगलात संशयिताला अडवणारा कर्मचारी वनरक्षक असतो. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने हे सर्व 'पोलीसच'. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांपैकी पोलीस अधिकारी कोण, याचे उत्तर प्रत्येकाबाबत वेगळे आहे आणि त्या उत्तरावर अटकेची वैधता व कबुलीजबाबाचे मूल्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा प्रश्न यादी करून सोडवला आहे. तेथील दंडसंहितेच्या कलम 830 पासूनच्या प्रकरणात 'शांतता अधिकारी' कोण हे पदनिहाय नमूद असून त्याबाहेरील कोणीही तो दर्जा सांगू शकत नाही. भारतीय कायद्यात अशी एकत्रित यादी नाही. येथे दर्जा संबंधित अधिनियमातून आणि पुष्कळदा न्यायनिर्णयांतून शोधावा लागतो.

पोलीस दलाचे सदस्य

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 2 मधील व्याख्येनुसार त्या अधिनियमाखाली नेमलेला पोलीस दलाचा प्रत्येक सदस्य 'पोलीस अधिकारी' ठरतो. प्रशासकीय मराठीत शिपायापासून सहायक उपनिरीक्षकापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना 'अंमलदार' आणि त्यावरील पदांना 'अधिकारी' म्हणण्याची पद्धत रूढ आहे. ती कायद्याच्या अर्थाशी जुळत नाही. कायद्याच्या लेखी साधा शिपाईही पोलीस अधिकारीच होय. उलट अधीक्षक कार्यालयातील लिपिक पोलीस खात्यात नोकरी करीत असला तरी पोलीस दलाचा सदस्य नसतो. तो लोकसेवक असतो, एवढेच.

होमगार्ड व विशेष पोलीस अधिकारी

मुंबई होमगार्ड अधिनियम, 1947 प्रमाणे होमगार्डला कर्तव्यावर पाचारण केले असता पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार व संरक्षण प्राप्त होते. एरवी तो आपल्या शेतात वा दुकानात काम करणारा नागरिक असतो. येथे दर्जा व्यक्तीला नसून पाचारणाच्या कालावधीला आहे.

विशेष पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक 1951 च्या अधिनियमातील कलम 21 खाली, दंगल अथवा शांतताभंगाची भीती असताना, लेखी आदेशाने होते. नेमणुकीचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीस नियमित पोलिसांप्रमाणे अधिकार मिळतात. गणेशोत्सवात महाविद्यालयीन युवकांना दिले जाणारे ओळखपत्र अशा आदेशावर आधारलेले आहे की केवळ स्वयंसेवकाचा बिल्ला आहे, हे विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयाने आधीच विचारून घेणे इष्ट. या पदाचा वापर कितपत ताणता येतो, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगढ राज्य (2011) या प्रकरणात केला. अल्पशिक्षित आदिवासी युवकांना तुटपुंज्या मानधनावर नेमून माओवाद्यांविरुद्धच्या कारवाईत उतरवणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

पोलीस पाटील

खरी गुंतागुंत येथे आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 हा 1 जानेवारी 1968 पासून अमलात आला आणि वंशपरंपरागत पाटीलकीच्या जागी नेमणुकीचे पद आले. गुन्ह्याची वर्दी ठाण्यास देणे, पुरावा राखणे, गंभीर गुन्ह्यातील संशयितास पकडून ठाण्याकडे पाठवणे ही कामे पोलिसांची वाटतात. परंतु पोलीस पाटील कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखाली असतो, त्याची नेमणूक महसूल यंत्रणेकडून होते आणि त्याला वेतन नव्हे, मानधन मिळते. नाव पोलिसाचे, नेमणूक महसुलाची अशी ही स्थिती आहे.

क्वीन एम्प्रेस विरुद्ध भीमा (1892) या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस पाटलास साक्ष अधिनियमाच्या कलम 25 पुरता पोलीस अधिकारी मानले. (तो निर्णय मुंबई इलाख्यातील ग्राम पोलीस कायद्यासंबंधी होता, सिल्लोडचा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात होता.) 1967 च्या अधिनियमानंतर हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयांत मतभिन्नता दिसून आली.

सर्वोच्च न्यायालयाने बडकू जोती सावंत (1966) प्रकरणात केंद्रीय अबकारी अधिकाऱ्याबाबत लावलेली कसोटी अशी : तपास संपवून न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करण्याचा अधिकार त्या व्यक्तीस आहे काय? पोलीस पाटलास तो नाही. केवळ अटकेचा अधिकार पुरेसा मानला तर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 64 खाली विनावॉरंट अटक करणारा वनरक्षकही पोलीस ठरेल. इतकेच नव्हे, आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडण्याचा हक्क तर कोणाही नागरिकास आहे. सहा तासांच्या आत त्यास पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. या कसोटीवर पोलीस पाटील पोलीस अधिकारी ठरत नाही, हे मत अधिक तर्कसंगत वाटते. तथापि तूफान सिंह (2020) प्रकरणात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने अमली पदार्थविरोधी कायद्याखालील अधिकाऱ्यांना पोलीस अधिकारी ठरवताना न्यायालयाने अधिकारांच्या प्रत्यक्ष स्वरूपाकडे पाहिले. केवळ पदनामाने निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यातून दिसते.

कबुलीजबाबाचे मूल्य

1 जुलै 2024 पासून कलम 25 ची जागा भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 23 ने घेतली आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे तत्त्व कायम आहे. भेदरलेला आरोपी रात्री पाटलाच्या दारी येऊन "माझ्या हातून घडलं" असे सांगतो, तेव्हा पाटील पोलीस अधिकारी मानला गेल्यास ती कबुली पुराव्यातून बाद होते. तो पोलीस नाही असे मानल्यास ती न्यायालयेतर कबुली म्हणून तपासली जाते. तरीही ती ऐच्छिक होती की गावातील त्याच्या वजनाखाली दिली गेली, हे न्यायालयास पाहावे लागते. शिवाय आरोपी त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात असेल आणि दंडाधिकारी हजर नसेल, तर ऐकणारा पोलीस नसला तरी ती कबुली उपयोगाची नसते. म्हणून पोलीस पाटलाने ठाण्यास पाठवलेल्या वर्दीत आरोपी स्वतः आला की आणला गेला, किती वाजता आणि त्या वेळी तेथे आणखी कोण उपस्थित होते, याची नोंद आहे किंवा नाही हे खटल्यात निर्णायक ठरू शकते.