ध्वनीचा ठेवा, भाग ९ : घरातला स्पूल टेपरेकॉर्डर

मागील भागात लाखेच्या तबकडीची मर्यादा स्पष्ट केली होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असल्यामुळे ख्यालगायकाला विलंबितापासून तानांपर्यंतचा सारा प्रवास तेवढ्या अवधीत उरकावा लागत असे, आणि मैफिलीत तासभर रंगणारा राग तबकडीवर केवळ ओळखीपुरता उमटत असे. ही कोंडी चुंबकीय फितीने फोडली. लांबलचक पातळ पट्टीवर लोहभस्माचा थर देऊन त्यात ध्वनी साठवण्याची कल्पना जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये मांडली, १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात त्या तत्त्वावर चालणारे यंत्र लोकांसमोर आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभरच्या नभोवाणी केंद्रांत व पुढे सधन वा हौशी घरांत पोहोचले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित होऊ लागले, तेव्हा रेडिओ अनेक घरांत होता, पण ते गीत पकडून ठेवणारा टेपरेकॉर्डर मात्र विरळा होता. पुढच्या दोन दशकांत फिलिप्स, ग्रुंडिग, आकाई, सोनी अशा नावांची यंत्रे महाराष्ट्रातल्या घरांत आली, आणि संगीताच्या खाजगी बैठका, कीर्तने, व्याख्याने, मुंजी-लग्नांतली मंगलाष्टके आणि आजोबांचे आवाज त्यांच्या फितींवर जमा झाले. मराठी घरांत त्या यंत्राला ‘स्पूलचा टेपरेकॉर्डर’ म्हणत. स्पूल म्हणजे फीत गुंडाळलेले चाक.

प्रस्तुत भागात असे यंत्र आज घरी कसे चालवावे याचा विचार केला असून, त्यासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. रेल्वेचा एक मार्ग वाडीकडे आणि दुसरा विजापूरमार्गे गदगकडे जिथे वेगळा होतो ते हे जंक्शन मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सीमेवर वसलेले आहे, आणि भीमसेन जोशी यांचे गदग व मल्लिकार्जुन मन्सूर यांचे धारवाड ज्या प्रदेशात मोडतात, त्या प्रदेशाशी त्याचे रुळांचे नाते आहे. अशा मुलखातल्या घरात एकाच स्पूलवर एका बाजूला अभंग आणि दुसऱ्या बाजूला बसवेश्वरांची वचने निघाली, तर त्यात नवल नाही. होटगी निवडण्याचे दुसरे कारण हवामानाचे आहे: उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो, वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते, आणि काळ्या रानातली माती व परिसरातल्या सिमेंट उद्योगाची धूळ दारे-खिडक्यांतून आत येते. कोकणातल्या घरात फितीचा मुख्य शत्रू बुरशी असेल, तर इथे ताप आणि धूळ हे शत्रू आहेत, आणि दोन्ही ठिकाणी एकच उपाय चालत नाही.

जुना स्पूल हाती लागला की तो लगेच वाजवून पाहण्याची इच्छा अनावर होते, आणि बहुतेक नुकसान नेमके त्याच क्षणी होते. फितीचा पाया कोणत्या पदार्थाचा आहे हे आधी ओळखले पाहिजे. सुरुवातीच्या अनेक फिती ॲसिटेट या सेल्युलोजपासून बनवलेल्या पदार्थावर तयार केलेल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर अधिक मजबूत असा पॉलिएस्टर हळूहळू त्याच्या जागी आला. स्पूल उजेडासमोर धरून गुंडाळीच्या कडेतून पाहिले असता ॲसिटेटच्या फितीतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरच्या फितीची गुंडाळी मात्र गडद दिसते. हा भेद व्यवहारात फार उपयोगी आहे. ॲसिटेट कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि ताण पडताच कट्कन तुटतो, परंतु तो स्वच्छ तुटत असल्यामुळे जोडला की ध्वनी जवळजवळ अखंड मिळतो. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणला जातो, आणि ताणलेल्या भागातला स्वर कायमचा बिघडतो. ॲसिटेटच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर पायाचे रासायनिक विघटन सुरू झालेले असते. अशी फीत इतरांपासून दूर ठेवून तिचे ध्वनिमुद्रण सर्वांत आधी उतरवून घ्यावे लागते.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही नामांकित पॉलिएस्टर फितींत लोहभस्म पायाला चिकटवून ठेवणारे पॉलियुरेथेनचे बंधक द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होते. फीत वाजताना चिरका आवाज करते, अडखळते आणि हेडवर, म्हणजे फितीवरचा ध्वनी टिपणाऱ्या भागावर, तपकिरी लगदा सोडते. हा लगदा म्हणजेच त्या फितीवरचे गाणे असल्यामुळे ती तत्काळ थांबवावी. प्रयोगशाळेत अशा फिती सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत अनेक तास ठेवतात, आणि त्यानंतर काही दिवस-आठवडे त्या सुरळीत वाजतात. हे वाचून होटगीच्या मे महिन्यातल्या पत्र्याखाली स्पूल ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो त्वरित सोडून द्यावा, कारण पत्र्याखालचे तापमान ठरावीक राहत नाही, स्पूल एका बाजूने अधिक तापतो, आणि ॲसिटेटच्या फितीला तर कोणतीही भट्टी घातकच ठरते.

फितीनंतर यंत्र. वीस-तीस वर्षे बंद असलेला टेपरेकॉर्डर थेट विजेच्या बटणाला जोडू नये. आतले जुने कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, एवढ्या काळात निकामी झालेले असू शकतात, आणि एकदम पूर्ण दाब मिळताच ते फुटू शकतात. रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर अशा वेळी सिरीज लॅम्प वापरतात, म्हणजे यंत्राच्या वाटेत साधा तारेचा दिवा मालिकेत जोडून आधी तपासणी करतात: दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी रबराचे पट्टे बदलावे लागतात, कारण ते कडक तरी होतात किंवा वितळून डांबरासारखे चिकटतात.

यंत्राच्या मागे दाब निवडण्याची छोटी चकती असते, आणि ती ११० व्होल्टवर असताना भारतातला पुरवठा जोडला तर यंत्र जळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असलेली आणि संगीताच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब म्हणजे विजेची वारंवारता. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आणि भारतात ५० हर्ट्झ आहे. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या जुन्या यंत्राची मोटर जर वारंवारतेच्या तालावर फिरणारी असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावून दाब जुळवला तरी तिचा वेग पाच-षष्ठांशच राहतो. त्यामुळे ३२ मिनिटांचे ध्वनिमुद्रण साडेअडतीस मिनिटांच्या आसपास चालते आणि काळी चारमध्ये गायलेले गाणे तीन अर्धस्वर उतरून पांढरी चारमध्ये ऐकू येते. स्वरांमधली परस्पर अंतरे तीच राहत असल्यामुळे राग बदलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ऐकणाऱ्याला फक्त गायकाचा आवाज भारदस्त आणि लय ठाय वाटते. गायकाची पट्टी ही त्याच्या गळ्याची ओळख असते, आणि ती चुकीची ऐकून त्याच्या गायकीविषयी मत बनवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अनेक यंत्रांत कॅपस्टनवर, म्हणजे फितीला गती देणाऱ्या बारीक दांड्यावर, वेगळ्या जाडीची नळी चढवून ५० हर्ट्झची सोय करता येते. ती सोय आहे का हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

वेग बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे दोन मार्ग घरीही उपलब्ध आहेत. साथीला पेटी असेल तर पेटीचा षड्ज कोणत्या तरी पट्टीशी नीट जुळला पाहिजे, कारण पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर वेगावर संशय घ्यावा. केवळ तंबोऱ्याची साथ असेल, तर शांत जागी ऐकू येणारी विजेची घरघर मदतीला येते: भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणात ती ५० किंवा १०० हर्ट्झची असते, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. ज्या यंत्रावर मूळ ध्वनिमुद्रण झाले तेच यंत्र मंद चालत असेल, तर योग्य वेगाच्या यंत्रावर गाणे चढे ऐकू येईल, आणि अशा वेळीही ही घरघरच खरी साक्ष देते.

यंत्रावरचे वेग सेकंदाला १९, ९.५ आणि ४.७५ सेंटिमीटर असे असतात. सात इंची स्पूलवर १,२०० फूट जाड फीत असेल तर १९ च्या वेगाने एक बाजू सुमारे ३२ मिनिटे आणि ९.५ च्या वेगाने दुप्पट चालते. वेग जितका जास्त तितके तार स्वर आणि तंबोऱ्याची जवारी स्पष्ट. ट्रॅक, म्हणजे फितीच्या सुमारे सव्वासहा मिलिमीटर रुंदीवरचे ध्वनीचे पट्टे, हाही प्रश्न असतो. गाण्याच्या पाठीमागे उलट बोलणारे आवाज ऐकू आले, तर फीत बिघडलेली नसून चार पट्ट्यांची फीत दोन पट्ट्यांच्या हेडवर वाजत असते, आणि तिला दुसरे यंत्र हवे असते.

प्रत्यक्ष चालवण्याआधी हेड आणि धातूचे मार्गदर्शक खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत, आणि धुळीच्या गावात हे प्रत्येक स्पूलआधी करावे. फीत कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी रोलरला मात्र साबणाच्या कोमट पाण्याने भिजवलेले फडके पुरते. भरलेला स्पूल डावीकडे, रिकामा उजवीकडे ठेवून वरची खुंटी फिरवून दोन्ही अडकवावेत. फीत डाव्या ताण-दांड्यावरून, हेडच्या समोरून, कॅपस्टन व रोलर यांच्या फटीतून आणि उजव्या दांड्यावरून नेऊन रिकाम्या स्पूलवर हाताने दोन-तीन वेढे द्यावेत. लोहभस्माची बाजू हेडकडे असली पाहिजे. ती बहुधा निस्तेज तपकिरी असते, पण काही फितींना पाठीवर काळा थर असतो आणि तिथे चमक पाहून निर्णय घेणारा चुकतो.

कॅसेटमध्ये मागची चिमुकली पट्टी मोडली की तिच्यावर नवे मुद्रण होऊ शकत नाही. स्पूलला असे कोणतेही संरक्षण नाही. रेकॉर्डचे बटण चुकून दाबले गेले तर पुसणारे हेड पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज काही सेकंदांत नाहीसा करते. म्हणून ऐकण्यासाठी बसताना ते बटण पट्टी चिकटवून बंद करावे, आणि लहान मुलांना यंत्र दाखवायचे असेल तर कोऱ्या स्पूलवर दाखवावे. वेगाने गुंडाळत असताना थेट ‘प्ले’ दाबू नये. आधी थांबवावे, दोन्ही स्पूल पूर्ण स्थिर होऊ द्यावेत. तुटलेली फीत तिरकी कापून, टोके भिडवून, पाठीच्या बाजूने खास जोडपट्टीनेच जोडावी. साध्या सेलोटेपचा गोंद सोलापूरच्या उन्हाळ्यात पातळ होऊन शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

ऐकून झाल्यावर फीत मागे गुंडाळण्याची घाई नको. संथपणे वाजून उजव्या स्पूलवर आलेली गुंडाळी एकसारखी असते, आणि तशीच, म्हणजे शेवटचे टोक बाहेर ठेवून, ती डब्यात ठेवणे योग्य, कारण एका वेढ्यातला मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो, आणि टोक बाहेर असेल तर ती छाया मूळ आवाजाच्या आधी न येता नंतर येऊन त्यात मिसळून जाते. उष्णतेने ही छाया वाढते. म्हणून स्पूल पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीलगतच्या कपाटात, उभे ठेवावेत. जुन्या माळवदाच्या घरातली जाड भिंतीची खोली या कामासाठी उत्तम आहे.

एकदा सुरळीत वाजणारी फीत दुसऱ्यांदा तशीच वाजेल याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच वादनात यंत्राच्या लाइन आउटमधून संगणकावर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच्या दर्जाने प्रत करून घ्यावी, ती संकुचित न करता मूळ रूपातच दोन ठिकाणी साठवावी, आणि गोंगाट काढण्याचे प्रयोग तिच्या वेगळ्या प्रतीवरच करावेत.

होटगी, अक्कलकोट, विजापूर या पट्ट्यातल्या ज्या घरांत असे स्पूल असतील, त्यांनी यंत्र दुरुस्त होण्याची वाट न पाहता एक काम याच आठवड्यात करावे: ज्यांनी ते ध्वनिमुद्रण केले किंवा ऐकले ती वडीलधारी माणसे घरात असतील तर त्यांना विचारून गायकाचे वा वक्त्याचे नाव, ठिकाण, वर्ष, साथीदार आणि वापरलेला वेग प्रत्येक डब्यावर पेन्सिलने, मराठीत किंवा कन्नडमध्ये, लिहून ठेवावा. फितीवरचा आवाज पुढेही उतरवता येईल, पण तो कोणाचा आहे हे सांगणारे माणूस गेल्यावर ती माहिती कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. पुढील भागात कॅसेटचा विचार होईल.