घरी जोडलेला सिंथेसायझर सुरात कसा आणतात?

किट जोडून झालं, स्पीकरमधून 'भों' असा आवाज आला की बहुतेकांना वाटतं, जमलं! मग कीबोर्डवर आधी सा आणि नंतर वरचा सा दाबला की गोची कळते. वरचा सा लागतच नाही. ऑसिलेटर वाजतोय, पण बेसूर.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुट्या भागांचा सिंथ. प्रत्येक मॉड्युलचं काम वेगळं, आणि ती वायरींनी एकमेकांना जोडायची. मूळ आवाज तयार करतो तो ऑसिलेटर. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये असा मूग सिंथेसायझर १९६९ मध्येच आला होता. आज घरी जोडायची बरीचशी किट्स 'युरोरॅक' मापाची असतात. हे माप डोपफर या जर्मन कंपनीने १९९० च्या दशकात रूढ केलं.

जोडणीत फार गूढ काही नाही. आधी बुटके भाग, म्हणजे रेझिस्टर आणि डायोड. मग आयसीचे सॉकेट, कपॅसिटर आणि शेवटी नॉब. रंगाच्या पट्ट्यांवर भरवसा न ठेवता प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरने मोजलेला बरा. खरा धोका पॉवर केबलचा. तिची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला लागते. उलटी लावली आणि बोर्डावर संरक्षक डायोड नसतील, तर आयसी क्षणात जळते.

आता सुराचं गणित. युरोरॅकमध्ये १ व्होल्ट म्हणजे १ सप्तक. व्होल्टेज एकाने वाढलं की कंपनसंख्या दुप्पट व्हायला हवी: ११०, २२०, ४४०, ८८० हर्ट्झ. ही दुप्पट ट्रान्झिस्टर करतो, पण त्याच्यापर्यंत त्या १ व्होल्टचे जेमतेम १८ मिलिव्होल्ट पोहोचतात. त्यात ट्रान्झिस्टर तापमानाला भलताच हळवा. भरपाईची सोय नसेल, तर १० अंशांच्या फरकाने तीन सप्तकांत एका अर्धस्वराहून जास्त चूक होते. म्हणून किटमध्ये तापमानानुसार बदलणारा खास रेझिस्टर किंवा ती सोय आतच असलेली आयसी देतात. तरीही ट्यूनिंगआधी मॉड्युल वीसेक मिनिटं चालू ठेवावं लागतं.

मग मोबाइलवर ट्यूनर उघडायचा, खालचा स्वर ११० वर आणायचा आणि बरोबर १ व्होल्ट वाढवायचा. समजा २१७ दिसले, तर सप्तक आखूड पडतंय. बारीक स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर किंचित फिरवायचा. इथेच नवखे वैतागतात, कारण ट्रिमर फिरवला की खालचा स्वरही सरकतो. हरकत नाही. नॉबने तो पुन्हा ११० वर आणायचा, परत वर जायचं. महत्त्वाचं आहे ते दोन स्वरांतलं अंतर. पाच-सहा फेऱ्यांत ते जुळतं.

एवढं करूनही अगदी वरचे स्वर उतरलेले वाटतात. कारण करवतीसारखी लहर काढणाऱ्या ऑसिलेटरमध्ये कपॅसिटर रिकामा व्हायला दर वेळी थोडा ठरावीक वेळ जातो, आणि उंच स्वरात तो जाणवतो. त्यासाठी काही किट्सवर दुसरा ट्रिमर असतो. त्याला शेवटी हात लावायचा.

सगळं जुळलं की मॉड्युल पेटीत बसवून पुन्हा एकदा तपासावं. टेबलावरचं आणि बंद पेटीतलं तापमान सारखं नसतं.