हौस घसरण्याची, सह्याद्रीतली
औली-गुलमर्गच्या बर्फावर स्की बांधून घसरण्याची चैन नाशिककरांच्या नशिबी नाही. घसरणे मात्र आहे! थंडी पडली की इथल्या डोंगरभटक्यांची पावले बागलाणकडे वळतात. तिथला साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे.

चढताना माणूस सावध असतो. घात होतो तो उतरताना. पावसाळ्यातले गवत वाळून गुळगुळीत झालेले, त्याखाली सुटा मुरूम, आणि डिसेंबरमध्ये सहालाच सूर्य मावळतो. बर्फावर पडलेला निदान मऊ पडतो. तेव्हा मंडळी, दुपारी तीननंतर माथ्यावर रेंगाळू नका, आणि पिशवीत बॅटरी आहे ना, हे घरूनच पाहून निघा.