खेळाच्या तासाची चिठ्ठी

बँकेच्या नोकरीत मी हजारो पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाचाही मजकूर आज आठवत नाही. आठवते ती मुलगी तिसरीत असताना, १९९६ साली, तिच्या शाळेला लिहिलेली चिठ्ठी : ‘मुलीस दम्याचा त्रास असल्याने तिला खेळाच्या तासातून सूट मिळावी, ही विनंती.’ पुढे दर जूनला तीच चिठ्ठी, फक्त तारीख नवी. दहावीपर्यंत पोर मैदानाच्या कडेला मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या राखत बसली.

दमा आणि पळणे यांचे वाकडे, अशी आमची ठाम समजूत. वास्तविक १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट हा १६ वर्षांचा अमेरिकन दमेकरी ४०० मीटर पोहण्यात पहिला आला होता. दम्याच्या औषधातले एफेड्रिन तपासणीत सापडले आणि त्याचे सुवर्णपदक गेले, ही गोष्ट निराळी. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला त्याने हे अंतर चार मिनिटांच्या आत कापले. तोवर ते कोणालाच जमले नव्हते!

गेल्या वर्षी नात खो-खो खेळून आली ती छातीत घरघर घेऊनच. माझा हात सवयीने पेनाकडे गेला. लेक म्हणाली, “बाबा, चिठ्ठी नको. आधी डॉक्टरांकडे जाऊ.”

डॉक्टरांनी सांगितलेले मला नव्याने कळत होते. एरवी नाक हवा कोमट, ओलसर करून आत सोडते. पळताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. कोरडी, गार हवा थेट आत जाते आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आखडतात. त्रास बहुधा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी शिगेला पोचतो. (‘बसली, आता बरे वाटेल’ म्हणून आम्ही निर्धास्त व्हायचो, ते नेमके तेव्हाच!) आणि दर खेळाला धाप लागत असेल, तर दोष खेळाचा नव्हे, दमा आटोक्यात नाही.

म्हणून आधी श्वासनलिकांची सूज उतरवणारे रोजचे औषध, न चुकता. ते टाळून नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर भागवणे धोक्याचे. ‘पंपाची सवय लागते’ हे आमच्या हिचे पालुपद. डॉक्टरांनी ते हसून खोडून काढले. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे चालणे, हलके पळणे. डॉक्टरांनी सांगितला असेल, तर त्याच सुमारास पंप. थंडीत नाकातोंडावर रुमाल. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी. धाप लागलीच, तर थांबायचे, ताठ बसायचे, पंप घ्यायचा. तरी उतार पडेना, बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

यंदाही जूनमध्ये शाळेत चिठ्ठी गेली. लेकीने लिहिली, पोचवली मी. ‘पंप दप्तरात नको, खेळताना तिच्या खिशातच असू द्यावा.’

संध्याकाळी मी मैदानावर जातो. खेळ संपला की दहा मिनिटे नजर घड्याळावर. परवा आठव्या मिनिटाला नातीने ओली भेळ मागितली.