व्हॉल्व्हची जाळी आणि दीड व्होल्टचा तोल

व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच आवाज येत नसे. प्रथम डायलचा दिवा उजळे, मग आतून हलकी गुणगुण आणि अर्ध्या मिनिटाने निवेदकाचा स्वर ऐकू येई. ट्रान्झिस्टर आल्यावर हे संच माळ्यावर गेले. आता काही घरांत ते पुन्हा खाली उतरत आहेत आणि हौशी मंडळी व्हॉल्व्हचे नवे ॲम्प्लिफायरही जुळवीत आहेत. मात्र तीस-चाळीस वर्षे बंद असलेल्या संचाचा प्लग उत्साहाच्या भरात भिंतीत खोचण्यापूर्वी आतला तोल कसा साधलेला असतो, हे जाणून घेतलेले बरे.

फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका बनवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरे अग्र घातले आणि त्यातूनच पुढे विवर्धकाचा जन्म झाला. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि उच्च दाबाच्या धनाग्राकडे धावतात. वाटेत तारेची एक विरळ जाळी असते. तिच्यावरचा दाब किंचित बदलला तरी धनाग्राकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. धरणाच्या दरवाजासारखेच हे आहे; दरवाजा हलवायला थोडा जोर लागतो, पाणी मात्र लोटाने वाहते.

आता प्रश्न असा, की गाणे सुरू नसताना हा दरवाजा किती उघडा ठेवायचा? ध्वनीची लहर वर-खाली दोन्हीकडे जाते. दरवाजा जवळजवळ बंद असेल, तर लहरीचा खालचा भाग कापला जाईल. उलट जाळी धन झाली, तर ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते आणि लहरीचा माथा चपटा होतो. म्हणून जाळीला ऋणाग्राच्या मानाने थोडा ऋण दाब कायमचा द्यावा लागतो. यालाच बायस म्हणतात. गायकाने आधी षड्ज नीट लावावा आणि मगच आलापी करावी, तशातला हा प्रकार.

ईसीसी ८३ हा लोकप्रिय व्हॉल्व्ह घेऊ. २५० व्होल्टचा पुरवठा, धनाग्राच्या वाटेत एक लाख ओहमचा रोध आणि ऋणाग्राखाली १,५०० ओहमचा रोध, अशी त्याची रूढ मांडणी आहे. या अवस्थेत ०.८६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. वरच्या रोधावर ८६ व्होल्ट खर्ची पडतात आणि धनाग्रावर १६४ उरतात. खालच्या रोधामुळे ऋणाग्र सुमारे १.३ व्होल्ट वर चढते. जाळी मात्र शून्यावरच असते. म्हणजे ऋणाग्राच्या तुलनेत ती आपोआपच १.३ व्होल्ट ऋण झाली! यातली खरी खुबी पुढेच आहे. काही कारणाने प्रवाह वाढला, तर ऋणाग्र आणखी वर चढते, जाळी अधिक ऋण होते आणि प्रवाह पुन्हा आवरला जातो. व्हॉल्व्ह म्हातारा झाला तरी हा साधा रोध त्याला सांभाळून घेतो. पण तो गाण्याच्या लहरीलाही असाच आवरील. म्हणून त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडतात. दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. ते असताना विवर्धन सुमारे ५४ पट मिळते, काढून टाकल्यास तीसच्या आसपास येते.

लाऊडस्पीकर हलवायला मात्र अधिक ताकदीचा गडी लागतो. ईएल ८४ हा तसा व्हॉल्व्ह. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही हे दोन्ही व्हॉल्व्ह बनवले होते. ईएल ८४ च्या ऋणाग्राखाली १३५ ओहमचा रोध ठेवला की जाळी सुमारे ७.३ व्होल्ट ऋण राहते आणि धनाग्रातून ४८ मिलिअँपिअर वाहतात. २५० व्होल्टला गुणले, तर १२ वॉट. धनाग्र उष्णता सोसू शकते तीही नेमकी १२ वॉटच. म्हणजे गाणे असो वा नसो, हा व्हॉल्व्ह सोसण्याच्या काठावरच उभा असतो आणि बदल्यात जेमतेम पावणेसहा वॉट ध्वनिशक्ती देतो. काटकसरीच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणायला हवा.

दोन व्हॉल्व्हना जोडणारा कंडेन्सर लहर पुढे पाठवतो आणि मागचे १६४ व्होल्ट अडवून धरतो. जुन्या संचांतले कागदी कंडेन्सर कालांतराने ओल धरतात आणि गळू लागतात. पुढच्या जाळीचा रोध ४ लाख ७० हजार ओहम धरला आणि कंडेन्सरची गळती एक कोटी ओहमइतकी क्षीण धरली, तरी जाळीवर सात व्होल्टहून अधिक धन दाब पोहोचतो. सारा बायस तिथेच संपला! प्रवाह बेसुमार वाढतो, धनाग्र लालबुंद होते आणि पाठोपाठ लाऊडस्पीकरचे रोहित्र जळते. व्हॉल्व्ह अजूनही मिळतो; त्या काळचे रोहित्र मिळणे कठीण. आणि हे सारे चालू असताना आवाज पहिली काही मिनिटे चांगला येत असतो, हीच यातली फसवणूक आहे.

साधा मल्टीमीटर कंडेन्सरला अनेकदा निर्दोष ठरवतो, कारण तो त्याला अवघ्या दोन-चार व्होल्टवर तपासतो. तेव्हा काही रुपयांचा तो कंडेन्सर तपासत न बसता बदलून टाकावा. नंतर ऋणाग्रावरचा दाब मोजावा. १३५ ओहमवर सव्वासात व्होल्ट दिसले तर तोल ठीक. दहाच्या पुढे गेले तर संच ताबडतोब बंद करावा. मागच्या बाजूची दाब निवडण्याची खूण २२० वर असेल आणि घरात २४० व्होल्ट येत असतील, तर ती आधी सरकवावी.

ही मोजणी अनुभवी माणसाला शेजारी घेऊनच करावी. बटण बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. काही स्वस्त संचांत तर मुख्य रोहित्रच नसे. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे. अशा संचाची मागची पुठ्ठ्याची झाकणी प्लग काढल्याखेरीज उघडू नये.