गाडीत स्टेपनीच नाही! रन-फ्लॅट टायर परभणीच्या रस्त्यांवर किती कामाचे?

नवी गाडी घ्यायला गेलेला माणूस सनरूफ बघतो, स्क्रीन किती इंची आहे ते बघतो, मायलेज तर विचारतोच. डिक्कीतलं कार्पेट उचलून खाली काय ठेवलंय हे मात्र फार थोडे जण बघतात. आणि मग एखाद्या रात्री गंगाखेडहून पालमकडे जाताना टायर बसतो, कार्पेट उचललं जातं आणि खाली टायरच नसतो. असतो तो एक छोटा पंप आणि पांढऱ्या द्रावाची बाटली.

यात कंपनीने फसवलं असं नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा असेल आणि सोबत पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर जादा टायर देण्याची सक्ती नाही. गाडीत चालक धरून नऊपेक्षा जास्त सीट नसाव्यात, एवढी आणखी एक अट. म्हणजे स्टेपनी नसलेली गाडी पूर्णपणे कायदेशीर आहे. पण ही सूट कंपनीने तशी बनवून दिलेल्या गाडीला आहे. लग्नाचं सामान बसावं म्हणून घरच्या घरी स्टेपनी काढून माळ्यावर टाकली, तर ते या सवलतीत बसत नाही.

मुळात हा 'स्टेपनी' शब्द आला कुठून? इंग्रजांनाच विचारलं तर त्यांना कळणार नाही, ते 'स्पेअर व्हील' म्हणतात. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या काळी मोटारीचं चाक सहज निघायचं नाही. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोडवून दुरुस्त करत बसायचं. डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली एक रिम बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर बसवलेला असायचा आणि ती पंक्चर झालेल्या चाकालाच क्लॅम्पने जोडायची. कंपनीचं नाव रस्त्यावरून पडलं, चाकाचं नाव कंपनीवरून पडलं. नंतर सुटी होणारी चाकं आली, कंपनी मागे पडली, पण आपल्याकडे शब्द राहिला. आज परभणीतला पंक्चरवाला ज्याला स्टेपनी म्हणतो, ते वेल्समधल्या एका गल्लीचं नाव आहे.

आता रन-फ्लॅटकडे येऊ.

गाडीचं वजन टायर पेलतो असं आपण म्हणतो, पण खरं वजन पेलते ती आतली हवा. रबर फक्त त्या हवेला धरून ठेवतं. हवा गेली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, मान टाकते. रिम थेट तिच्यावर बसते आणि पुढच्या थोड्या अंतरात टायर कातरून निघतो. म्हणूनच साधा टायर बसल्यावर 'हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत नेऊ' म्हणणाऱ्यांचा टायरही जातो आणि कधी कधी रिमही.

रन-फ्लॅट टायरमध्ये ही साइडवॉलच जाड आणि ताठ केलेली असते. उष्णता सहन करणाऱ्या रबराचा जादा थर आतून दिलेला असतो. हवा शून्य झाली तरी साइडवॉल उभी राहते आणि गाडीचं वजन काही काळ स्वतः पेलते. बहुतेक कंपन्यांचा आकडा ठरलेला आहे: ताशी ८० किलोमीटरच्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर अंतर. बुलेटप्रूफ गाड्यांत याच कामासाठी रिमवर वेगळी कडक रिंग बसवतात. तो प्रकार निराळा.

ही कल्पना नवी नाही. डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा असा टायर आणला होता, तो काही ब्रिटिश गाड्यांवर मिळायचा. १९९७ ची शेवरोले कॉर्वेट स्टेपनीशिवाय, रन-फ्लॅट टायरवर आली. २००० नंतर बीएमडब्ल्यूने आपल्या बऱ्याच गाड्यांना हेच टायर दिले आणि भारतातल्या बहुतेकांनी 'रन-फ्लॅट' हा शब्द ऐकला तो तिथूनच. टायरवर कंपनीनुसार वेगळी खूण असते: ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, कॉन्टिनेन्टल एसएसआर, मिशेलिन झेडपी. या झेडपीचा अर्थ 'झिरो प्रेशर', जिल्हा परिषदेशी काही संबंध नाही!

इथे एक गैरसमज काढायला हवा. डिक्कीत स्टेपनी नाही म्हणजे टायर रन-फ्लॅटच असणार, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सर्वसामान्य किमतीच्या ज्या गाड्यांत, विशेषतः बॅटरीवर चालणाऱ्या काही गाड्यांत, स्टेपनी मिळत नाही, त्यांचे टायर साधे ट्यूबलेसच असतात. सोबत फक्त किट. हवा गेलेल्या अशा टायरवर 'रन-फ्लॅट आहे' या समजुतीत ८० किलोमीटर सोडा, पाचही जाता येणार नाही.

८० किलोमीटर म्हणजे परभणीत किती? परभणी ते जिंतूर किंवा परभणी ते गंगाखेड साधारण ४० ते ४५ किलोमीटर. परभणी ते नांदेड ७०-७५ च्या आसपास. म्हणजे जिल्ह्यात कुठेही टायर बसला, सोनपेठला बसो की पूर्णेला, रन-फ्लॅट तुम्हाला परभणी शहरापर्यंत आणून सोडेल. रात्रीची वेळ, मागच्या सीटवर म्हातारी माणसं, लहान मुलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि उजेड कुठेच नाही. अशा वेळी गाडीतून न उतरता घरी पोहोचणं ही छोटी गोष्ट नाही. रन-फ्लॅटचा खरा फायदा हा आहे आणि तो मान्य करायला हवा. शिवाय वेगात असताना टायर अचानक बसला तरी गाडी ताब्यात राहते.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते.

हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट आतून किती भाजलाय हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक कंपन्या तो दुरुस्त न करता बदलाच असं सांगतात. साध्या ट्यूबलेसमध्ये खिळा काढून काडी भरली की काम होतं. इथे तेवढ्यावर भागेल याची खात्री नाही. बरं, टायर खोलून बघायचं म्हटलं तर त्याची ताठ साइडवॉल टॉमी घालून हाताने उतरवता येत नाही, कड फाटते. त्यासाठी मशीन लागतं आणि ते वापरता येणारा माणूस लागतो. नवा टायर घ्यायचा तर त्याच मापाचा रन-फ्लॅट तालुक्याच्या दुकानात पडून असेल अशी अपेक्षा ठेवू नका. परभणीतून छत्रपती संभाजीनगर जवळपास २०० किलोमीटर आहे. रन-फ्लॅटची ८० किलोमीटरची मुदत तुम्ही आदल्या रात्रीच वापरून बसलेले असता. टायर येईपर्यंत गाडी दारात उभी.

आणि ते ८० किलोमीटरही चांगल्या परिस्थितीतले आहेत. हवेविना चालताना साइडवॉल प्रत्येक फेरीला वाकते आणि सरळ होते, त्यातून उष्णता तयार होते. तीच उष्णता शेवटी टायर संपवते. परभणीचा एप्रिल-मे कसा असतो हे सांगायला नको, पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यात गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली. अशा वेळी ८० चा आकडा डोक्यातून काढा, ताशी ४०-५० ने चला आणि पहिलं सुरक्षित ठिकाण गाठा.

रस्त्याचा मुद्दा तर आणखी मोठा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. डांबर नवं असतं तेव्हा ठीक, दोन पावसाळ्यांनंतर रस्त्याला लाटा येतात, कडा तुटतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यात भर घालतात. ताठ साइडवॉलचा टायर हे धक्के गिळत नाही, पुढे पाठवतो, आधी रिमला, मग सस्पेन्शनला, मग तुमच्या कमरेला. साधा टायर खड्ड्यात दबतो म्हणून रिम वाचते. रन-फ्लॅट घेऊन आलेल्या गाड्यांचे अनेक मालक पहिला सेट झिजल्यावर साधे टायर बसवतात आणि डिक्कीत बारीक स्टेपनी ठेवतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. किंमत हे दुसरं. रन-फ्लॅट साध्यापेक्षा बराच महाग पडतो.

उलट दिशेचा प्रयोग मात्र करू नका. हवा दाखवणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला हौसेने रन-फ्लॅट बसवला तर हवा गेल्याचं कळणारच नाही, कारण टायर वरून ठीकच दिसतो. ८० किलोमीटर कधी सुरू झाले आणि कधी संपले याचा पत्ता लागत नाही.

किटवाली बाटली कितपत चालते? टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तिथे खिळा किंवा बाभळीचा काटा घुसला असेल, छिद्र बारीक असेल, तर चालते. द्राव आत सोडायचा, पंपाने हवा भरायची आणि हळू चालवत दुकान गाठायचं. साइडवॉल चिरली असेल किंवा दगडाने टायर फाटला असेल तर बाटलीचा उपयोग शून्य. त्या द्रावाला मुदतही असते, बाटलीवर तारीख छापलेली असते, ती कोणी बघत नाही. पंक्चरवाल्याला आधीच सांगा की आत द्राव सोडलाय. टायर उघडल्यावर जो चिकट राडा निघतो त्याने तो वैतागतो, आणि त्याचं काही चूक नाही.

म्हणजे स्टेपनी निर्दोष आहे का? अजिबात नाही. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री समृद्धी महामार्गावर वाशीम जिल्ह्यात मालेगाव ते वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान रस्त्यात लोखंडी फलक पडला आणि त्यावरून गेलेल्या ५० हून जास्त गाड्या पंक्चर झाल्याच्या बातम्या आल्या. लोक रात्रभर थंडीत अडकले. अशा ठिकाणी एका गाडीचे दोन टायर गेले की एक स्टेपनी पुरत नाही. आणि भरधाव रस्त्याच्या कडेला, रहदारीकडे पाठ करून चाक बदलणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे.

शिवाय आपली स्टेपनी असते कशी? हवा भरताना चार चाकं तपासतात, पाचवं कोणी तपासत नाही. गरज पडते तेव्हा तीही बसलेली निघते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी जुनी घेतली असेल तर स्टेपनीवरचे हे आकडे वाचा, रबर न वापरताही म्हातारं होतं. हल्ली मिळणारी बारीक स्टेपनी ही तात्पुरती सोय आहे, तिच्यावर ८० ची वेगमर्यादा लिहिलेली असते. तिच्यात हवाही बहुतेक वेळा जास्त लागते, ६० पीएसआय. नेहमीच्या सवयीने ३३ भरून चालत नाही.

एवढं सगळं धरूनही परभणी, हिंगोली, बीड भागात वर्षभर फिरणाऱ्याने स्टेपनीच निवडावी, असं आमचं मत आहे. कारण साधं आहे. स्टेपनी लावली की पुढचं सगळं ओळखीचं असतं. पाथरीत असा, मानवतला असा की सेलूला, साधा ट्यूबलेस टायर दुरुस्त करणारा माणूस सकाळी भेटतोच, आणि अगदीच फाटला असेल तर त्या मापाचा दुसरा टायर मिळण्याची शक्यता जास्त. स्टेपनीचं वजन पंधरा-वीस किलो, त्याने मायलेजमध्ये पडणारा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. ज्यांचं येणं-जाणं मुख्यतः पुणे-मुंबईच्या चांगल्या रस्त्यांवर आहे आणि गाडी मुळातच रन-फ्लॅटची आहे, त्यांनी उगाच बदलाबदल करायची गरज नाही.

गाडी घेऊन झाली आहे आणि स्टेपनी नाही, असं असेल तर बुकिंग केलेल्या डीलरकडे त्याच गाडीसाठी जादा चाक मिळतं का ते विचारा. बऱ्याचदा डिक्कीच्या तळाला त्याची जागा नसते, मग ते सामानासोबत बांधूनच ठेवावं लागतं. रोज नको, पण लांबच्या प्रवासाला न्या. चाक घेतलं तर जॅक आणि पानाही घ्या, कारण स्टेपनी नसलेल्या गाडीत तेही दिलेले नसण्याची शक्यता असते. दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट गाडीतल्या बारक्या पान्याने हलत नाहीत, म्हणून लांब दांड्याचा पाना चांगला. आणि जॅकखाली ठेवायला फळीचा एक जाड तुकडा डिक्कीत टाका. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या काळ्या मातीत जॅक लावला की गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल, म्हणजे पाथरी-मानवत-परभणी-वसमत या ६१ क्रमांकाच्या रस्त्यावरही, तर मदतीसाठी १०३३ हा नंबर चालतो. तो फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.